रंग कोठे जाऊन बसतो?

पळसाचा रंग एका धुण्यात जातो, आलीचा जात नसे. या एका साध्या गोष्टीपासून आजच्या विषयाला सुरुवात करणे आम्हांस सोयीचे वाटते. यवतमाळच्या श्रोत्यांना पळस काय आहे हे सांगावयास नको. या दिवसांत पांढरकवड्याच्या किंवा उमरखेडच्या वाटेने जाणाऱ्याला तो दोन्ही बाजूंनी पेटलेला दिसतो, आणि होळीला त्याची फुले उकळून केशरी पाणी करण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. आल मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली. हिलाच कोणी बारतोंडी म्हणतात. वऱ्हाड, मध्यप्रांत आणि खानदेश या भागांत एके काळी तिची लागवड होत असे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुळे खणून काढावयाची, कुटावयाची, आणि हिरडा-तुरटीचे संस्कार केलेले सुती कापड त्या रंगात शिजवावयाचे. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना लागणारे तांबडे खारव्याचे कापड या रंगाचे असे. ते विरून जाई, पण त्याचा रंग उडत नसे.

हा फरक कशामुळे पडतो? पळसाच्या रंगाचे कण कापसाच्या तंतूवर नुसते टेकून असतात. आलीचा रंग तुरटीतील ॲल्युमिनियमशी गाठ बांधतो आणि ती गाठ तंतूत अडकून बसते. म्हणजे रंगाऱ्याच्या भाषेत ज्याला 'रंग बसणे' म्हणतात, ते रंगाचा कण आणि धाग्याचा कण यांच्यामध्ये कोणते नाते जुळते यावर अवलंबून असते. आज आम्ही ज्या धाग्याबद्दल बोलणार आहोत तो कापसाचा नाही. तो प्रत्येक जिवाच्या पेशीत असतो. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते त्याच्यामुळे. त्याला डी.एन.ए. म्हणतात हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. या धाग्यावर रंग कसा बसतो, आणि तो जंतूंच्या अंगात शिरणाऱ्या विषाणूंच्या पोटात असताना कसा बसतो, हा आमचा विषय आहे. विषय अगदी बारीक आहे, पण शेवटी तो नागपूरच्या कर्करोग रुग्णालयातील सलाईनच्या बाटलीपर्यंत जाऊन पोहोचतो.

आलीची शेती बुडाली ती जर्मनीतल्या प्रयोगशाळांमुळे. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन रसायनज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीच्या झाडांतील तांबडा रंग, ॲलिझरिन, कोळशाच्या डांबरापासून बनवून दाखविला. थोड्याच वर्षांत तो इतका स्वस्त झाला की मुळे खणत बसणे कोणास परवडेना. याच ग्रेबेने १८७० मध्ये कारो या सहकाऱ्यासह डांबरातून आणखी एक पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव ॲक्रिडीन. कोळसा म्हटला की आपल्याकडे वणी आठवते. पण वणीच्या कोळशाने इंजिने चालली आणि विजेची जनित्रे फिरली, जर्मनांनी मात्र कोळशाच्या टाकाऊ डांबरातून रंग आणि औषधे यांचे एक नवे जगच काढले. ॲक्रिडीनच्या पोटी अनेक पिवळे रंग जन्मास आले. त्यांपैकी प्रोफ्लेविन व ॲक्रिफ्लेविन यांचा उपयोग पहिल्या महायुद्धात जखमा धुण्याकडे होऊ लागला. ब्राउनिंग या ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञाने १९१७ च्या सुमारास त्यांचे जंतुनाशक गुण सिद्ध केले होते. पेनिसिलिन येईपर्यंत, आणि नंतरही कित्येक वर्षे, या पिवळ्या औषधात भिजविलेल्या पट्ट्या दवाखान्यांतून दिसत. वयस्क श्रोत्यांपैकी काहींच्या गुडघ्यांना त्या लागल्याही असतील. जंतू या औषधाने मरतात हे ठाऊक होते. औषध जंतूच्या अंगात नेमके कोठे जाऊन बसते, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. ते कळले ते जंतूंच्या शत्रूंमुळे.

जंतूंनाही रोग होतात. हे ऐकून काहींना समाधान वाटेल. ज्या विषाणूंमुळे हे रोग होतात त्यांना जिवाणुभक्षी विषाणू किंवा थोडक्यात फाज म्हणतात. या विषयाच्या इतिहासात हिंदुस्थानाचे नाव अगदी आरंभी येते. १८९६ साली आग्र्याला सरकारी रसायनपरीक्षक असलेल्या हॅन्किन याने लिहून ठेवले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू फार वेळ टिकत नाहीत, आणि पाणी उकळले की त्याचा हा गुण नाहीसा होतो. हा प्रताप फाजचा असावा असे पुढे अनेकांनी मानले. हॅन्किनला त्याची कल्पना असणे शक्य नव्हते, आणि नुसत्या त्या एका निरीक्षणावरून तसे ठामपणे म्हणताही येणार नाही. फाजचा शोध लागला तो १९१५ मध्ये ट्वॉर्टला व स्वतंत्रपणे १९१७ मध्ये फेलिक्स डेरेलला. डेरेल १९२७ साली हिंदुस्थानात येऊन पटकीच्या रोग्यांवर फाजचा प्रयोग करून गेला. प्रतिजैविके आल्यावर ती विद्या मागे पडली. हल्ली औषधांना न जुमानणारे जंतू वाढू लागल्यावर तिची पुन्हा आठवण होऊ लागली आहे.

फाजचे रूप मोठे चमत्कारिक असते. प्रथिनांचे एक कोनाकोनांचे डोके, त्याला एक शेपूट, आणि डोक्याच्या पोकळीत डी.एन.ए.चा एकच एक लांब धागा. फाज जंतूच्या भिंतीवर शेपटी टेकवितो आणि धागा आत सोडतो. रिकामे डोके बाहेरच राहते. आत गेलेल्या धाग्यावरील हुकूम जंतूची यंत्रणा मुकाट्याने पाळते आणि अर्ध्याएक तासात शंभर-दोनशे नवे फाज जंतूला फोडून बाहेर पडतात.

या डोक्यात धागा किती ठासून भरलेला असतो याची कल्पना येण्यासाठी आपल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात जावे. सरकी काढलेली रुई ढिगात असते तेव्हा तिने खोली भरते. प्रेसखाली तिची गाठ बांधली की तीच रुई चार माणसांना लोटता येईल एवढ्या जागेत बसते, आणि पट्ट्या तोडल्या की पुन्हा फुगून वर येते. फाजचे डोके म्हणजे अशीच एक गाठ होय. लॅम्डा नावाच्या फाजच्या धाग्यात सुमारे ४८,५०० पायऱ्या असतात आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढी भरते. ही लांबी फार वाटत नाही. पण ज्या डोक्यात तो राहतो त्याचा व्यास त्याच्या पावणेतीनशेव्या हिश्श्याएवढा असतो. सारे माप एक लाख पटींनी वाढविले तर शिवणाच्या दोऱ्याचा दीड मीटरहून थोडा मोठा तुकडा वाटाण्याएवढ्या पोकळीत कोंबल्यासारखे होईल. यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु हा दोरा तारेसारखा ताठ असतो. वाटाण्याएवढ्या जागेत त्याला वळविणे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणे होय. शिवाय त्याच्या सर्व अंगावर ऋण विद्युत्भार असल्यामुळे एक वेटोळे दुसऱ्याला दूर ढकलते. धाग्याची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच लाखावा भाग, आणि दोन वेटोळ्यांच्या मध्यांतले अंतर जेमतेम अडीच. २००१ साली अमेरिकेत फाय-२९ या फाजचा धागा आत ओढणारे यंत्र किती जोर लावते हे प्रत्यक्ष मोजण्यात आले, आणि त्यावरून आतला दाब वातावरणाच्या साठ पटींच्या घरात निघाला. मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा हा दाब पंचवीस-तीस पट अधिक आहे.

आता रंगाकडे वळू. कापसाला रंग लावावयाचा तर तुरटीची मध्यस्थी लागते, डी.एन.ए.ला ती लागत नाही. प्रोफ्लेविन, मेथिलीन ब्ल्यू, एथिडियम या रंगांच्या कणांवर धन विद्युत्भार असतो आणि धाग्याच्या कण्यावर ऋण, त्यामुळे ते एकमेकांकडे ओढले जातात. परंतु एवढ्याने रंग पक्का बसला असता असे नाही. १९५६ साली पीकॉक व स्केरेट यांनी प्रोफ्लेविनचे मोजमाप करताना पाहिले की काही कण घट्ट बसतात आणि काही सैलपणे. सैल बसणारे बाहेरून चिकटलेले असणार हे उघड होते. घट्ट बसणारे कोठे जातात?

याचे उत्तर १९६१ मध्ये लेनर्ड लर्मन यांनी केंब्रिजला दिले. डी.एन.ए. हा पिळवटलेल्या शिडीसारखा असतो आणि तिच्या पायऱ्या एकमेकींपासून ०.३४ नॅनोमीटरवर असतात. प्रोफ्लेविनचा कण तीन कड्यांचा, अगदी चपटा, पत्त्याच्या पानासारखा असतो. लर्मनचे म्हणणे असे की हा पत्ता दोन पायऱ्यांच्या मध्ये सरकतो. पायऱ्या दूर होऊन त्यांच्यातले अंतर दुप्पट होते, शिडीचा पीळ थोडा सैल पडतो आणि शिडी लांब व ताठ होते. पुरावा साधा होता. रंग मिसळल्यावर डी.एन.ए.चे पाणी अधिक दाट व चिकट होते आणि क्ष-किरणांच्या चित्रात पायऱ्यांची शिस्त बिघडलेली दिसते. बाहेरून चिकटलेल्या रंगाने हे झाले नसते. एक पत्ता शिरला की त्याच्या शेजारच्या फटीत दुसरा सहसा शिरत नाही. तेव्हा जास्तीत जास्त दर दोन पायऱ्यांमागे एक पत्ता, असा हिशेब बसतो. अशा तऱ्हेने पुरता रंगलेला धागा मूळच्या दीडपट लांब होतो.

श्रोत्यांच्या लक्षात अडचण आली असेल. मोकळ्या धाग्याला लांब होण्यास अडकाठी नाही. पण फाजच्या डोक्यात, जेथे मूळच्याच लांबीला जागा अपुरी आहे, तेथे दीडपट लांबी आणावयाची कोठून? दाबून बांधलेल्या रुईच्या गाठीवर बादलीभर रंग ओतला तर काय होईल याचा विचार करावा. प्रयोगांतही तसेच काहीसे आढळले. डोक्याच्या कवचातून पाणी आणि लहान कण आत जाऊ शकतात, तेव्हा रंगाला दार बंद नसते. तरीही एथिडियमचे मोजमाप केले असता डोक्यात बांधलेल्या धाग्याने घेतलेला रंग मोकळ्या धाग्याच्या मानाने कमी भरतो. याच गोष्टीचा उलटा उपयोग होतो. किती रंग आत गेला यावरून धागा किती दाबाखाली आहे याचा अंदाज बांधता येतो. गाठ न सोडता तिच्या आतली ओल पाहण्याचीच ही युक्ती आहे.

सर्व फाज मात्र एकाच मापाने रंग घेत नाहीत. मेथिलीन ब्ल्यू घालून उजेडात ठेवले तर फाज निकामी होतात, हे १९३० नंतरच्या काही वर्षांतच दिसून आले होते. रंगाचा कण उजेडाची शक्ती शोषून ती शेजारच्या प्राणवायूला देतो, आणि तो चेतलेला प्राणवायू धाग्यावरील ग्वानीन या अक्षराला जाळतो. पुढे १९५८ च्या सुमारास असे आढळले की टी-३, टी-७ यांसारखे फाज या उपायाने चटकन मरतात, पण टी-२, टी-४ व टी-६ ही भावंडे दाद देत नाहीत. त्यांच्या डोक्यात रंग फार सावकाश शिरतो. पाणी अल्कधर्मी केले, ऊब दिली आणि वेळ दिला तर शिरतो. त्यांच्या धाग्याचा ऋण भार आधीच काही प्रमाणात पुट्रेसीन, स्पर्मिडीन या लहान धनभारी कणांनी व्यापलेला असतो हे १९६० मध्ये एम्स व ड्यूबिन यांनी दाखविले. म्हणजे दाराशी गर्दी असतेच, शिवाय आतल्या खुर्च्यांवरही कोणी बसलेले असते.

मेथिलीन ब्ल्यूची ही युक्ती प्रयोगशाळेतच राहिली नाही. युरोपातील काही देशांत रुग्णाला देण्याच्या रक्तद्रवात हा रंग घालून पिशवी उजेडाखाली ठेवतात, म्हणजे त्यात एखादा विषाणू लपलेला असल्यास तो निकामी होतो. मग रंग गाळून काढतात. ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. तिच्या मुळाशी फाजवरील ते जुने निळे प्रयोग आहेत.

याहून सुंदर प्रयोग २०१२ साली कॅलिफोर्नियात झाला. लॅम्डा फाजच्या डोक्यातला धागा सायटॉक्स ऑरेंज या रंगाने आतल्या आतच रंगविण्यात आला. हे रंग मोकळे असताना मंद असतात आणि पायऱ्यांमध्ये बसले की शेकडो पटींनी उजळतात. मग एकेका जंतूवर बसलेला एकेक फाज सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाहता पाहता फाजचा ठिपका मंद होत गेला आणि जंतूच्या अंगात उजेड पसरला. धागा एका देहातून दुसऱ्यात जाताना मनुष्याने पाहिला! काचेच्या नळीत हाच धागा अवघ्या एकदोन सेकंदांत बाहेर उडतो; जिवंत जंतूत शिरावयास त्याला सरासरीने सुमारे पाच मिनिटे लागतात, आणि एकाला लागलेला वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. गाठ जोरात फुटते खरी, पण ज्या खोलीत ती फुटते ती आधीच सामानाने भरलेली असते.

आता प्रोफ्लेविनकडे पुन्हा येऊ, कारण त्याची खरी कामगिरी सांगावयाची राहिलीच. फाज लागलेल्या जंतूंच्या पाण्यात प्रोफ्लेविन घातले तर जंतू वेळेवर फुटतात, पण बाहेर पडणारे फाज बहुतेक रिकामी डोकी असतात. हे १९५० नंतरच्या दोनचार वर्षांत लेविंथल, डीमार्स वगैरे अमेरिकन संशोधकांनी पाहिले. कवचे तयार आहेत, धागाही तयार आहे, पण रंग शिरलेला धागा डोक्यात भरला जात नाही. आणि जे थोडे फाज नीट तयार होतात त्यांच्या वंशात अनेकदा एक विशेष तऱ्हेचा बिघाड आढळतो. या बिघाडावर फ्रान्सिस क्रिक व सिडनी ब्रेनर यांची नजर गेली.

धाग्यावरचा मजकूर किती अक्षरांच्या शब्दांनी वाचला जातो हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. तो कसा सुटला हे दाखविण्यासाठी आम्ही तीन-तीन अक्षरांचे एक साधे वाक्य घेतो: 'शरद गवत उचल परत वळव'. शब्दांमधली जागा वाचणाऱ्याला दिसत नाही, तो मुकाट्याने तीन-तीन अक्षरे मोजत जातो, असे समजा. आता 'र' नंतर एक 'क' घुसला. वाचन होईल ते असे: 'शरक दगव तउच लपर तवळ व'. घुसल्या जागेपासून पुढे सगळाच गोंधळ. आता थोडे पुढे जाऊन 'गवत' मधला 'व' काढून टाका: 'शरक दगत उचल परत वळव'. दोन शब्द बिघडले, पण पुढचा मजकूर पुन्हा वळणावर आला. एक अक्षर अधिक आणि एक उणे, फिटंफाट. मग दोन अधिक अक्षरे घातली तर? 'शरक दखग वतउ चलप रतव ळव'. काही उपयोग नाही. आणि तिसरे घातले तर? 'शरक दखग वमत उचल परत वळव'. तिसऱ्या अक्षराबरोबर वाक्य ताळ्यावर आले.

क्रिक, ब्रेनर, श्रीमती बार्नेट व वॉट्स-टोबिन यांनी टी-४ फाजच्या धाग्यावर नेमके हेच केले. प्रोफ्लेविनने बिघडविलेला एक फाज घेतला, त्याला सुधारणारे दुसरे बिघाड शोधले, ते 'अधिक' व 'उणे' अशा दोन गटांत वाटले आणि एकाच गटातले तीन बिघाड एका धाग्यावर आणले. फाज पुन्हा काम करू लागला. कोणता गट खरोखर अधिक आणि कोणता उणा हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यांनी ते मानून चालविले आणि निष्कर्षास त्याने बाधा आली नाही. शब्द तीन अक्षरांचे आहेत, हे या प्रयोगाने ठरले. निबंध छापला गेला १९६१ च्या डिसेंबरअखेरीस. कोणत्या शब्दाचा अर्थ काय हे पुढे नीरेनबर्ग आणि आपल्या पंजाबात जन्मलेले हरगोविंद खुराना प्रभृतींनी लावले, व त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दवाखान्यातल्या पिवळ्या औषधावाचून ही पहिली पायरी कशी चढली असती हे सांगणे कठीण आहे. सूक्ष्मदर्शक नको, क्ष-किरण नकोत. काचेच्या बशीतल्या जंतूंच्या थरावर फाजने पाडलेली भोके मोजावयाची, एवढेच साहित्य! आमच्या मते गेल्या शतकातला इतका स्वस्त आणि इतका मोलाचा प्रयोग दुसरा दाखविणे अवघड आहे.

येथे एक दुरुस्ती करावयास हवी, कारण शाळेच्या पुस्तकांत ती अनेकदा येत नाही. त्या वेळी सर्वांना वाटले की पायऱ्यांमध्ये बसलेला रंगाचा पत्ता हेच एक खोटे अक्षर म्हणून वाचले जाते, आणि नक्कल करताना तेथे एक अक्षर जास्त पडते. चित्र सुबक होते. पण १९८८ साली रिप्ली, क्रॉयझर वगैरेंनी टी-४ मधील बिघाडांच्या जागा नीट पाहिल्या, तेव्हा त्या भलत्याच ठिकाणी जुळल्या. धाग्याला गाठी पडल्या, पीळ चढला, की तो कापून, सोडवून पुन्हा जोडणारे एक विकर पेशीत असते. त्याला टोपोआयसोमरेज म्हणतात. आमच्या विणकरांना हे काम चांगले परिचयाचे आहे. हे विकर जेथे कापते, नेमके तेथेच हे बिघाड होते. म्हणजे रंगाचा कण विकराला कापतेवेळी तसाच पकडून ठेवतो, जोडणी होऊ देत नाही, आणि मग ते तुटके टोक सांधताना एखादे अक्षर वाढते किंवा गळते. कापड कापून हातातली सुई कोणी हिसकावून घ्यावी तसा हा प्रकार आहे.

ही दुरुस्ती केवळ पंडितांच्या समाधानाची नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ब्रूस केन यांनी १९७० नंतरच्या दशकात ॲमसॅक्रीन नावाचे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तयार केले. ते ॲक्रिडीनच्याच कुळातले आहे, आणि ते कर्करोगाच्या पेशीला मारते ते याच विकराला अर्ध्या कापणीत अडकवून. टी-४ फाजमध्येही त्याचे लक्ष्य तेच विकर आहे. फाजमध्ये जे सावकाश उलगडले ते माणसाच्या रोगात जसेच्या तसे लागू पडले.

या कुळाबाहेरचे पण याच रीतीने वागणारे दुसरे औषध अधिक प्रसिद्ध आहे. डॉक्सोरुबिसीन हे त्याचे नाव. नागपूर-सेवाग्राम-मुंबईच्या कर्करोग विभागांतून ज्यांनी आप्तांची सोबत केली असेल त्यांनी ती तांबड्या रंगाची औषधाची पिशवी पाहिली असेल. इटलीत एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून त्याचे थोरले भावंड, डॉनोरुबिसीन, मिळाले. डॉक्सोरुबिसीनची माहिती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर आपल्या काळ्या रानातून जो वास उठतो तो बराचसा याच जातीच्या जिवाणूंचा असतो. हा जिवाणू असला तांबडा रंग कशासाठी बनवीत असेल? त्याला काही कर्करोग होत नाही! २०१८ साली टोरांटोच्या संशोधकांनी याचे एक उत्तर पुढे मांडले. हजारो रसायने तपासताना त्यांना दिसले की पायऱ्यांमध्ये शिरणारे हे रंग जंतूची वाढ न थांबविता फाजची वाढ थांबवितात, डी.एन.ए.वर दुसऱ्या मार्गाने आघात करणारी रसायने तसे करीत नाहीत. जंतूत नुकत्याच शिरलेल्या फाजच्या उघड्या धाग्यावर रंग जाऊन बसतो आणि त्याची नक्कल होऊ देत नाही. म्हणजे मातीतला जिवाणू आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसह फाजपासून बचाव करण्यासाठी हा रंग बनवीत असावा. मनुष्याने फाजवर रंग टाकून जे शिकले ते मातीने फार पूर्वीच वापरात आणले होते.

आणि येथे आल पुन्हा आठवते. तिच्या मुळांतील तांबड्या रंगाचा सांगाडा तीन कड्यांचा, अँथ्राक्विनोन वर्गाचा आहे. डॉक्सोरुबिसीनच्या चार कड्यांमध्येही तोच सांगाडा दिसतो. हे ऐकून कोणी घरी जाऊन बारतोंडीची मुळे उकळू नयेत. आलीचीच बहीण म्हणविणारी 'नोनी' हल्ली बाटल्यांतून मोठ्या किमतीला विकली जाते, आणि विकणारे कर्करोगाचे नाव कुजबुजत घेतात. डॉक्सोरुबिसीनला घट्ट बसविते ती त्याला जोडलेली साखर आणि तिच्यावरील धन भार. नोनीच्या रसात तो मेळ नाही, आणि तो रस कर्करोग बरा करतो असे कोणत्याही भरवशाच्या चाचणीने दाखविलेले नाही. चालू उपचार सोडून त्या बाटलीमागे जाणाऱ्याचे नुकसान पैशापुरते राहत नाही.

तांबड्या सलाईनबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नसून औषधाचा रंग असतो, घाबरू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पायऱ्यांत शिरणारा हा रंग कर्करोगाची पेशी आणि हृदयाची पेशी यांत पुरता भेद करीत नाही. मोठ्या मात्रेने हृदय दुबळे होते, आणि हे नुकसान साठत जाते. म्हणून डॉक्टर रुग्णाला आजवर मिळालेल्या एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात आणि ठराविक मर्यादेपुढे जात नाहीत. रुग्णाला एका गावच्या रुग्णालयातून दुसऱ्या गावी नेताना या औषधाच्या प्रत्येक मात्रेचे कागद बरोबर न्यावेत, मग त्यांना दहा वर्षे झाली असली तरी.